समाधानी ग्राहक गप्प का बसतो? सांता क्लारातील नव्या साहाय्यसेवेला कामे कोठून मिळतात

सांता क्लारातील कायली बुलेवार्डवरच्या सेंट्रल पार्कमध्ये उन्हाळ्याच्या संध्याकाळी एक फेरी मारली, तर मराठी कानावर पडल्यावाचून राहत नाही. मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला आलेली आजी-आजोबांची जोडपी तेथे चालत असतात, बाकावर बसून नाशिक-सांगलीच्या गोष्टी करीत असतात. पूर्वी ही मंडळी नातवंडे सांभाळायला येत. ती नातवंडे आता कॉलेजात गेली आहेत आणि सांभाळण्याची गरज उरली आहे ती आजी-आजोबांनाच. मुलगा-सून दोघेही नोकरीवर आणि ऐंशीच्या पुढचे एक माणूस दिवसभर घरात एकटे, असे चित्र या परिसरातील मराठी घरांत आता अपूर्वाईचे राहिलेले नाही.

या गरजेतून उभा राहणारा व्यवसाय म्हणजे घरी येऊन दिली जाणारी साहाय्यसेवा, येथील बोलीत होम केअर. यात वैद्यकीय उपचार नसतात. वृद्धांना सोबत देणे, आंघोळीला व कपडे बदलायला हात देणे, जेवण करून वाढणे, औषधाच्या वेळेची आठवण करणे, डॉक्टरकडे नेऊन आणणे, अशी ही कामे. नोकरीत खंड पडलेल्या अनेक मराठी स्त्रियांना हा व्यवसाय आपल्या आवाक्यातला वाटतो, आणि तसे वाटणे चुकीचे नाही. मात्र परवान्याचे कागद हाती आले की सर्वांपुढे एकच प्रश्न उभा राहतो: ग्राहक कोठून आणायचे?

यावर घरोघरी मिळणारे उत्तर ठरलेले आहे. काम चांगले करा, लोक आपण होऊन दुसऱ्यांना सांगतील. मिठाईच्या किंवा शिकवणीच्या व्यवसायात ते खरेही ठरते. साहाय्यसेवेत मात्र ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे समजून न घेतल्यामुळे चांगल्या मनाने सुरू झालेला व्यवसाय वर्षाच्या आत थंडावू शकतो.

पुरणपोळी आणि आईचे आजारपण

एखादी गृहिणी उत्तम पुरणपोळ्या करून देते. होळीला त्या ताटात पडल्या की पाहुणे विचारतात, कोणाकडून आणल्या? यजमान कौतुकाने नाव सांगतो आणि त्याच पंगतीत दोन नवे ग्राहक मिळतात. यात सांगणाऱ्याचे काही जात नाही, उलट थोडी शोभाच वाढते.

आता त्याच पंगतीत यजमानाच्या आईला स्मृतिभ्रंश झालेला आहे, तिला स्नानगृहात एकटे सोडता येत नाही आणि त्यासाठी रोज सकाळी मदतनीस बाई येते, असे समजा. ती बाई कितीही गुणाची असली, तरी यजमान हे चारचौघांत सांगेल काय? आईची अवस्था उघड करणे त्याला प्रशस्त वाटत नाही. शिवाय आईला परक्या माणसाच्या हवाली केल्याची एक बोच मनात असते. भारतातील बहिणीच्या कानावर ही गोष्ट मंडळातल्या कोणाकडून जाऊ नये, अशीही त्याची इच्छा असते. म्हणजे या व्यवसायात ग्राहक जितका समाधानी, तितका तो गप्प बसण्याचा संभव अधिक. मदतनिसानेही गप्पच राहायचे असते, कारण कोणाच्या घरी काय चालले आहे हे बाहेर न बोलणे हाच या कामाचा पहिला नियम आहे.

दुसरी अडचण वेळेची. आपल्या ओळखीच्या दोनशे कुटुंबांपैकी पुढच्या महिन्यात मदत कोणाला लागणार, हे त्या दोनशे जणांनाही ठाऊक नसते. मग एके दिवशी वडील जिन्यावर घसरतात, खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होते आणि रुग्णालय सांगते, परवा घरी न्या. त्या दोन दिवसांत कुटुंब ज्याचे नाव ऐकते त्याला काम मिळते. सहा महिन्यांपूर्वी गणेशोत्सवात वाटलेले पत्रक तोवर कोठल्यातरी खणात गेलेले असते.

म्हणून नव्या सेवाचालकाने स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: त्या दोन दिवसांत कुटुंबाशी व्यवसायाच्या नात्याने बोलणारे कोण असतात, आणि त्यांनी माझे नाव का घ्यावे?

आपले वर्तुळ: किती कामाचे, कोठवर

तेथे जाण्याआधी आपल्या माणसांचा विचार करू. पहिली दोन-तीन कामे बहुधा त्यांच्याकडूनच येतात. खाडीपरिसरात महाराष्ट्र मंडळ बे एरिया आहे, मराठी शाळा आहेत, मिल्पिटासला इंडिया कम्युनिटी सेंटर आहे. उत्तर अमेरिकेतील मंडळांची शिखरसंस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले, आणि त्याचे २०२४ चे अधिवेशन सांता क्लाराच्या शेजारीच, सॅन होजेला भरले. ज्येष्ठांसाठी या मंडळाचा ‘उत्तररंग’ हा उपक्रमही चालतो. अशा ठिकाणी पैसे भरून टेबल मांडण्यापेक्षा ज्येष्ठांच्या एखाद्या बैठकीत अर्धा तास उपयोगाचे बोलणे अधिक फळते. बोलायला विषय भरपूर आहेत. मेडिकेअर घरच्या दीर्घकालीन देखभालीचा, म्हणजे नुसत्या सोबतीचा व आंघोळ-जेवणाचा, खर्च देत नाही हे अनेकांना ऐनवेळी कळते. ग्रीन कार्डावर आलेल्या पासष्ट वर्षांवरील पालकांना मेडिकेअर विकत घेण्याआधी साधारणतः सलग पाच वर्षे या देशात राहावे लागते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी, जरी ती सांगितल्याने आपला एखादा ग्राहक कमी होत असला तरी. ज्यांना मेडि-कॅल लागू आहे त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियात इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस ही सरकारी योजना आहे. काउंटीचा अधिकारी घरी येऊन मदतीचे तास ठरवतो, आणि ती मदत करणारी व्यक्ती कुटुंबातलीही असू शकते. तिला वेतन मिळते. ज्या घराला ही योजना मिळू शकते त्याला खासगी सेवा विकणे म्हणजे त्याच्या अज्ञानावर पैसा करणे होय. ‘तुम्हांला माझी गरज नाही, येथे अर्ज करा’ असे सांगणाऱ्या व्यक्तीचे नाव लोक विसरत नाहीत, हा त्यातला व्यवहारही आहेच.

पण या वर्तुळाला मर्यादा आहेत. पहिली ऋतूची. पालक बरेचदा उन्हाळ्याच्या तोंडाला येतात आणि दिवाळीच्या सुमारास परततात. पर्यटक व्हिसावर आलेल्यांना एका खेपेस साधारणपणे सहा महिन्यांपर्यंतच राहता येते. ज्या सेवेचे सगळे ग्राहक अशा घरांतले, तिच्याकडे जुलैमध्ये माणसे पुरत नाहीत आणि डिसेंबरमध्ये काम पुरत नाही.

दुसरी मर्यादा समाजशास्त्राची आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दुबळ्या नात्यांच्या बळावर एक गाजलेला निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा असा, की जवळची माणसे एकमेकांनाच ओळखतात, म्हणून त्यांच्याकडे आपल्याला आधीच ठाऊक असलेलीच माहिती फिरत राहते. नवी बातमी येते ती वरवरच्या ओळखीतून. मराठी मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप समूह आणि मराठी शाळेचा समूह उघडून पाहावेत. सदस्य बहुतेक तेच आढळतील.

तिसरी मर्यादा बोलायला अवघड, म्हणून लिहिलेलीच बरी. आपल्या वर्तुळातून काम येते तेव्हा कधीकधी त्याबरोबर ‘आपल्यातलीच बाई पाठवा’ अशी मागणी येते, आणि तिचा अर्थ भाषेपुरता असतोच असे नाही. मराठी बोलता येणे, वरण-भात करता येणे या कामाच्या गरजा आहेत, त्या मान्य कराव्यात. जातीची विचारणा मात्र तेथल्या तेथे नाकारावी. जातभेदाविरुद्धचे स्वतंत्र विधेयक गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारले, ते असा भेद राज्याच्या प्रचलित कायद्यांतच निषिद्ध आहे असे कारण देऊन. तेव्हा असे काम घेणे नीतीने वाईट, आणि मालक म्हणून स्वतःच्या गळ्यात फास अडकवून घेण्यासारखेही.

शिफारस मागण्याआधी

कोणीही सुज्ञ माणूस आपला शब्द फुकट खर्ची घालत नाही. रुग्णालयातील सोशल वर्करने एखादे नाव सुचवले आणि तेथून आलेल्या मदतनिसाने आजीचे दागिने लांबवले, तर जाणारी पत त्या सोशल वर्करचीही असते. म्हणून ती पहिल्या भेटीत आपल्या गोड बोलण्यापेक्षा कागदांकडे पाहते.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१६ पासून होम केअर सेवांसाठी स्वतंत्र ग्राहकसंरक्षण कायदा लागू आहे. माणसे नेमून अशी सेवा पुरवणाऱ्या संस्थेला राज्याच्या समाजसेवा विभागाचा परवाना लागतो. मदतनिसांची बोटांचे ठसे घेऊन पार्श्वभूमी तपासली जाते, क्षयरोगाची चाचणी होते आणि त्यांची नावे राज्याच्या नोंदवहीत चढतात. पहिल्यांदा कोणाच्या घरी जाण्याआधी पाच तासांचे आणि पुढे दरवर्षी पाच तासांचे प्रशिक्षण बंधनकारक आहे. संस्थेकडे प्रत्येक घटनेमागे दहा लाख आणि एकूण तीस लाख डॉलरचा दायित्वविमा, कामगारांच्या अप्रामाणिकपणाविरुद्ध किमान दहा हजार डॉलरचा बाँड आणि कामगार-नुकसानभरपाईचा विमा असावा लागतो.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ‘आम्ही अंगाला हात लावीत नाही, नुसती सोबत देतो, मग परवाना कशाला?’ असा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. वय किंवा अपंगत्वामुळे ज्याला स्वतःची कामे करता येत नाहीत त्याला दिलेली सोबत, स्वयंपाक, खरेदी, ने-आण ही सारी या कायद्याच्या व्याख्येतच येतात. एकटीने थेट कुटुंबाकडे काम करणारी व्यक्ती स्वतंत्र मदतनीस म्हणून राहू शकते. तिला संस्थेचा परवाना लागत नाही, पण राज्याच्या नोंदवहीत स्वेच्छेने नाव नोंदवण्याची सोय आहे. बाजार चाचपून पाहणाऱ्या व्यक्तीने अशी स्वतःपासून सुरुवात करावी. मात्र दुसऱ्या बाईला पाठवून मधले पैसे ठेवू लागले, की गोष्ट बदलते.

मदतनिसांना कंत्राटी म्हणून दाखवण्याचा मोहही टाळावा. २०२० पासून लागू झालेल्या एबी ५ कायद्याच्या कसोटीवर ती मंडळी जवळजवळ नेहमीच नोकर ठरतात. २०१४ पासून घरी वैयक्तिक देखभाल करणाऱ्यांना दिवसाला नऊ किंवा आठवड्याला पंचेचाळीस तासांपलीकडे जादा दराने वेतन द्यावे लागते. सांता क्लारा शहराचे स्वतःचे किमान वेतन राज्यापेक्षा चढे आहे. २०२५ साली ते ताशी १८.२० डॉलर होते. रोख पैशांवर चालणाऱ्या शेजारणीच्या दराशी परवानाधारक सेवा कधीच बरोबरी करू शकत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. कुटुंबाला फरक समजावून सांगावा: मदतनीस तुमच्या जिन्यावरून पडली तर तिच्या उपचाराचा खर्च कोण देणार? हा एक प्रश्न बहुतेकदा पुरेसा असतो.

एच-४ व्हिसावरील वाचकांसाठी दोन वाक्ये. २६ मे २०१५ पासून या वर्गातील पात्र जोडीदारांना कामाचा परवाना मिळतो आणि त्यावर स्वतःचा व्यवसायही करता येतो. परंतु ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली आहे, त्यामुळे कार्डात खंड पडला तर त्या काळात ग्राहकांचे फोन कोण घेणार, याची तजवीज आधीच करून ठेवावी.

गरज आधी कोणाला दिसते

आता मूळ प्रश्नाकडे. लॉरेन्स एक्सप्रेसवेवरचे कायझर परमनेन्टेचे सांता क्लारा रुग्णालय, माउंटन व्ह्यूचे एल कमिनो आणि सॅन होजेचे काउंटीचे व्हॅली मेडिकल सेंटर ही या भागातील मोठी रुग्णालये. त्यांच्यात रुग्णाला घरी पाठवण्याची व्यवस्था पाहणारे डिस्चार्ज प्लॅनर, केस मॅनेजर आणि सोशल वर्कर असतात. त्यांचे हात बांधलेलेही असतात: रुग्णाला निवड करू द्यायची असते, एकाच संस्थेकडे ढकलायचे नसते. म्हणून ते बहुधा यादी देतात. आपला प्रयत्न त्या यादीत येण्याचा असतो, आणि त्याहून अधिक म्हणजे यादीतील कोणते नाव कोणत्या रुग्णाला जुळते हे त्यांच्या ध्यानात राहील असे पाहण्याचा.

येथे मराठी माणसाकडे एक खरी चीज आहे. रुग्णालयात दुभाष्याची सोय होते, पण घरी परतल्यावर दुभाषा नसतो. आयुष्यभर बँकेत इंग्रजीत पत्रव्यवहार केलेले आजोबा स्मृतिभ्रंशात इंग्रजी विसरतात आणि मालवणीत पाणी मागतात, असा अनुभव अनेक कुटुंबांना आहे. ज्या सोशल वर्करपुढे असा रुग्ण आहे तिच्यासाठी तो न सुटलेला प्रश्न असतो. तेव्हा तिच्या हाती एकच पान द्यावे आणि त्यावर मोजकेच असावे: परवाना क्रमांक, कोणत्या भाषा बोलणारी माणसे आहेत, शाकाहारी स्वयंपाक, कोणत्या शहरांत जातो, किमान किती तासांचे काम घेतो, आणि शनिवारी-रविवारी उचलला जाणारा फोन. मराठीबरोबर हिंदी, गुजराती, कानडी येणारी माणसे असतील तर तेही लिहावे, कारण त्यामुळे वर्तुळ चौपट होते. ‘प्रेमळ व आपुलकीची सेवा’ हे शब्द प्रत्येक पत्रकावर असतात, म्हणून ते कोणी वाचत नाही.

रुग्णालयाबाहेरही अशी माणसे आहेत. वृद्धांच्या मालमत्तेचे व मृत्युपत्राचे काम करणारे वकील, राज्याचा परवाना असलेले व्यावसायिक विश्वस्त आणि ज्येष्ठांच्या देखभालीचे नियोजन करणारे केअर मॅनेजर. या शेवटच्या वर्गाची राष्ट्रीय संघटना १९८५ पासून आहे आणि २०१५ पासून ती एजिंग लाइफ केअर असोसिएशन या नावाने ओळखली जाते. मुले न्यू जर्सीत आणि आई सांता क्लारात अशा घरांची व्यवस्था हे लोक पाहतात. यांतील एकाचा विश्वास मिळाला, तर वर्षातून तीन-चार कामे त्या एकाच ओळखीतून येऊ शकतात. एखाद्या कुटुंबाच्या ओळखीतून सहसा तसे होत नाही. त्यांच्या घरात आई एकच असते.

सोर्सवाइज ही सांता क्लारा काउंटीची वार्धक्यविषयक अधिकृत संस्था. ज्येष्ठांना व कुटुंबांना फोनवर माहिती देणे हे तिचे एक काम असल्याने तिच्याकडे आपली माहिती अचूक नोंदलेली असावी. फ्रीमॉन्ट स्ट्रीटवरील शहराच्या सीनियर सेंटरलाही भेट द्यावी, पण तेथे जाहिरात करायला जाऊ नये. तेथल्या कर्मचाऱ्यांना कोणते प्रश्न वारंवार विचारले जातात ते ऐकायला जावे.

अपंग व्यक्तींच्या साहाय्यसेवेकडे वळणाऱ्यांचा रस्ता निराळा आहे. १९६९ च्या लँटरमन कायद्याने कॅलिफोर्नियात प्रादेशिक केंद्रांची व्यवस्था उभी राहिली. आज अशी एकवीस केंद्रे आहेत, आणि सांता क्लारासह चार काउंट्या सॅन अँड्रियास प्रादेशिक केंद्राकडे येतात. तेथे सेवादार म्हणून मान्यता मिळवावी लागते. ती कष्टाने मिळाल्यावर अनेकांची निराशा होते, कारण मान्यता म्हणजे कामाची हमी नव्हे. काम सुचवतात ते प्रत्येक व्यक्तीचे सेवासमन्वयक, आणि त्यांच्यापर्यंत पोचणे हे मान्यतेनंतरचे स्वतंत्र काम आहे. जुलै २०२१ पासून राज्यभर खुल्या झालेल्या स्वनिर्णय योजनेत मात्र अपंग व्यक्ती व तिचे कुटुंब ठरलेल्या रकमेतून आपला सेवादार स्वतः निवडू शकते आणि बहुतेक सेवांसाठी केंद्राची ती मान्यता लागत नाही. छोट्या सेवेला आत शिरण्याची ही वाट अधिक सोयीची. मराठी कुटुंबांतही ऑटिझम असलेली मुले आता प्रौढ होत आहेत, आणि त्यांच्या पालकांचे आपसांतले समूह वृद्धांच्या मुलांइतके मौन पाळीत नाहीत.

आपल्या समाजापासून सुरुवात करून बाहेर कसे वाढावे याचे उदाहरण दूर नाही. ऑन लोक ही संस्था १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउन परिसरातील वृद्धांसाठी निघाली. चिनी जेवण, चिनी भाषा आणि घरी राहण्याचा हट्ट हे तिचे भांडवल होते. तिच्या पद्धतीवरून बेतलेला कार्यक्रम १९९७ च्या कायद्याने मेडिकेअरचा कायम भाग झाला, आणि आज खुद्द सांता क्लारा काउंटीतही ही संस्था काम करते.

पाकिटाचा प्रश्न

भारतात ओळख करून देणाऱ्याला काही देणे इतके अंगवळणी पडलेले असते, की येथेही ‘प्रत्येक पेशंटमागे शंभर डॉलर देऊ’ असे सहज बोलले जाते. हे अत्यंत धोक्याचे आहे. केंद्र सरकारच्या आरोग्ययोजनांतून पैसा मिळणाऱ्या सेवांसाठी रुग्ण पाठवण्याबद्दल मोबदला देणे-घेणे हा १९७२ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. कॅलिफोर्नियाच्या व्यवसायसंहितेचे कलम ६५० परवानाधारक वैद्यकीय व्यावसायिकांना अशा मोबदल्याची मनाई करते, मग पैसे रुग्णाच्या खिशातून जात असले तरीही. मोबदला म्हणजे रोख रक्कमच असे नाही. भेटकार्ड, नाटकाची तिकिटे हेही त्यात धरले जाऊ शकतात. दिवाळीला साऱ्या विभागासाठी नेलेला चिवड्याचा डबाही रुग्णालयाच्या भेटवस्तूंच्या नियमात बसतो का, हे आधी विचारून घ्यावे.

मग शिफारस करणाऱ्याला द्यायचे काय? त्याच्या डोक्यावरचा भार कमी करायचा. शुक्रवारी दुपारी चार वाजता फोन आला आणि शनिवारी सकाळी माणूस हजर झाले, तर त्या केस मॅनेजरचा शनिवार-रविवार निर्धास्त जातो. काम सुरू झाल्यावर कुटुंबाच्या संमतीने दोन ओळी कळवाव्यात: सोमवारपासून सकाळी तीन तास सुरू केले, चालण्याचा वॉकर अजून आलेला नाही. आणि काम झेपणारे नसेल तर तासाभरात ‘नाही’ म्हणून दुसऱ्या भरवशाच्या संस्थेचे नाव द्यावे. नव्या माणसाला काम नाकारणे जिवावर येते. पण तीन दिवस आशेवर ठेवून मग हात वर करणाऱ्याला दुसरा फोन येत नाही.

जाणूनबुजून शिफारशींची देवाणघेवाण करणाऱ्या मंडळांचाही येथे विचार व्हावा. आयव्हन मिस्नर यांनी १९८५ साली दक्षिण कॅलिफोर्नियात बीएनआय सुरू केले. त्याच्या प्रत्येक शाखेत एका व्यवसायाची एकच व्यक्ती असते. महाराष्ट्रात माधवराव भिडे यांनी २००० साली सुरू केलेल्या सॅटर्डे क्लबने मराठी उद्योजकांना हीच सवय लावण्याचा प्रयत्न केला. अशा गटात छपाईवाल्याला किंवा विमाएजंटाला जितका लाभ होतो तितका साहाय्यसेवेला होईलच असे नाही. गटात वृद्धांचा वकील किंवा वैद्यकीय उपकरणे भाड्याने देणारा असेल तर वर्गणी भरावी, नसेल तर ती रक्कम प्रशिक्षणावर खर्चावी. व्यवसायाचा आराखडा तपासून घ्यायला स्कोअर या संस्थेचे निवृत्त व्यावसायिक विनामूल्य सल्ला देतात, त्याचा लाभ जरूर घ्यावा.

किती ग्राहक पुरेत?

उदाहरणापुरते आकडे घेऊ. वेतन, कर आणि विमा वजा जाता दर तासामागे दहा डॉलर उरतात आणि एक ग्राहक आठवड्याला बारा तास घेतो असे धरले, तर एका ग्राहकामागे महिन्याला सुमारे ५२० डॉलर येतात. विमा, परवाना, फोन आणि हिशेबनीस यांचा महिन्याचा खर्च तीन हजार धरला, तर नुसता तो भागवायला सहा ग्राहक लागतात. मालकिणीचा पगार त्यानंतरचा.

आणि हे सहा स्थिर राहत नाहीत. एक भारतात परततो, एक रुग्णालयात जातो, एकाचे कुटुंब टेक्ससला हलते, एखाद्या आजी जातात. सहा टिकवायचे तर वर्षभरात त्याहून बरेच अधिक मिळवावे लागतात. म्हणून कामे भरपूर असतानाच दर आठवड्याला दोन भेटी शिफारस करणाऱ्यांच्या घ्याव्यात, आणि एक वही ठेवावी: फोन कोणत्या दिवशी आला, कोणी नाव सुचवले, काम का मिळाले किंवा का निसटले. सहा महिन्यांनी ती वही उघडली की कोणाकडून खरोखर कामे येतात ते कळते, आणि पुष्कळदा ज्याच्यामागे आपण सर्वाधिक धावलो तो माणूस तीत कोठेच नसतो.

आजी गेल्यानंतर त्या घराला हिशेबाचे शेवटचे बिल लगेच पाठवू नये. तेराव्यानंतर पाठवावे, आणि त्याआधी मदतनिसाला घेऊन एकदा भेटून यावे. त्या भेटीत पुढच्या कामाबद्दल चकार शब्द काढू नये. ज्या कुटुंबाने दोन वर्षे मौन पाळले, ते बोलते होण्याची शक्यता असते ती यानंतरच, कारण आता लपवण्यासारखे काही उरलेले नसते. आणि भेटायला येणाऱ्यांमध्ये ज्यांच्या घरी हीच वेळ जवळ आली आहे अशी माणसेही असतात.